गाडी ११ मिनिटं का थांबली

आमच्या गल्लीत घंटागाडी सकाळी सव्वासात ते साडेसातच्या मध्ये येते. स्पीकरचा आवाज गाडीच्या आधी दोन गल्ल्या पोचतो, त्यामुळे आई चहाचं आधण ठेवता ठेवताच बादल्या दाराशी आणून ठेवते, हिरवी ओल्याची, निळी सुक्याची, आणि मी त्या खाली नेतो. नाशिकच्या इंदिरानगरात राहायला आल्यापासून हे असंच चाललंय. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी ही गाडी आमच्या गेटसमोर नेहमीपेक्षा ११ मिनिटं जास्त थांबली. मी पोटापाण्यासाठी सेन्सर बनवतो, आणि त्या ११ मिनिटांनी माझं स्वतःच्या कामाकडे बघणं बदललं, म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

झालं असं की आदल्या रात्री माझ्या हातून लोणच्याची काचेची बरणी फुटली. तुकडे सुपलीत भरले, जुन्या पेपरात गुंडाळले आणि ती पुडी सुक्याच्या बादलीत टाकली, वरून दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची रॅपर्स, आणि मग विसरून गेलो. सकाळी मावशींनी बादली गाडीत उलटी केली. मावशी म्हणजे गाडीवरच्या हेल्पर, आमच्या अख्ख्या सोसायटीच्या मावशी. दुधाच्या पिशव्या त्या वेगळ्या पोत्यात भरतात, त्या भरताना त्यांचा हात पुडीवर दाबला गेला. हातमोजे होते हातात, पण भिजून भिजून त्यांची शिवण उसवलेली. तळहात अंगठ्याच्या खाली चांगला इंचभर कापला. वॉचमनकाकांनी खुर्ची दिली, आई हळद आणि कापूस घेऊन धावत खाली आली, मी पाण्याची बाटली धरून नुसता उभा.

तेवढ्यात ड्रायव्हरदादांचा फोन वाजला. मुकादम विचारत होते, गाडी एकाच जागी का उभीये, पुढचे पॉइंट लेट होतायत. "मावशींना काच लागली, येतो लगेच," ते म्हणाले. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण मावशी उठल्याच. आई म्हणत होती अहो बसा दोन मिनिटं, रक्त थांबूद्या, तर "राहूद्या ताई, माझ्यामुळं गाडी लेट नको," असं म्हणून पट्टी बांधलेल्या हाताने दांडा धरून गाडीच्या मागे चढल्या.

मुकादमांना तिकडे काय दिसत होतं ते मला नीट माहितीये. नकाशावर एक रेघ, रेघेवर एक ठिपका, आणि ठिपका ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबला की त्याचा रंग बदलतो. अशी स्क्रीन मी स्वतः बनवलीये, कचऱ्याच्या गाडीसाठी नाही, मालवाहतुकीच्या ट्रकसाठी, पण आतलं सगळं तेच. गाडीत जीपीएसची डबी असते, ती ठराविक सेकंदांनी आपली जागा सिमकार्डवरून सर्व्हरला कळवते, सर्व्हरवर प्रत्येक गल्लीभोवती एक अदृश्य कुंपण आखलेलं असतं, गाडी कुंपणात शिरली की हजेरी, नाही शिरली की चुकवली, फार वेळ थांबली की अलर्ट. त्या ठिपक्याला गाडी कुठेय एवढंच कळतं, बादलीत काय होतं ते कळायची सोयच कोणी ठेवलेली नाही. आमच्या घरची काच त्या सिस्टीममध्ये कुठेच नव्हती. नोंद झाली ती गाडी थांबल्याची, आणि ती चूक पडली मावशींच्या गाडीच्या नावावर.

जीपीएसच वाईट असं मी म्हणत नाहीये. ज्या गल्लीत चार-चार दिवस गाडी फिरकायची नाही तिथल्या माणसाला विचारा, ठिपक्याची किंमत तो सांगेल. पण गेली काही वर्षं स्मार्ट सिटीच्या नावाखाली जे जे काही बघतोय, दारावरचे क्यूआर कोड, हेल्परने स्कॅन केलं का नाही, किती वाजता केलं, कामगाराच्या मनगटावरचं घड्याळ, त्यातल्या बहुतेक सगळ्यांचा डोळा एकाच माणसावर आहे. कचरा करणाऱ्या माझ्यासारख्याला काही मोजमाप नाही, आणि तो उचलणारीचा मिनिटामिनिटाचा हिशोब. हे मला फार लागलं.

नाशिककराला कचऱ्याच्या बाबतीत थोडा अभिमान असतो आणि तो रास्त आहे. देशात स्वच्छ भारत २०१४ साली आलं, स्मार्ट सिटीच्या यादीत आपण २०१६ मध्ये गेलो, पण घंटागाडी त्याच्या कितीतरी आधीची, नव्वदच्या दशकातली. माझं लहानपण पंचवटीत वाड्यात गेलं. कोपऱ्यावर सिमेंटची कुंडी होती, तिच्याभोवती कायम गाई आणि कुत्री, आणि पावसात तिचं पाणी थेट उतारानं गंगेकडे. (बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) मग एक दिवस घंटा वाजवत गाडी आली आणि आजी म्हणाली, आता कचरा पण दारावर न्यायला येणार! तिला ते देवाच्या पालखीसारखं वाटायचं, दारात येतंय तर आपण तयार असावं.

आणि आजी तयारच होती, कारण तिच्या घरात वेगळं करावं लागेल असं फारसं काही उरायचंच नाही. भाजीची देठं, साली गाईला. रद्दी रद्दीवाल्याला. डबे, पत्रा, बाटल्या भंगारवाल्याला. जुन्या साड्या, शर्ट बोहारणीला, आणि त्या बदल्यात स्टीलची पातेली, ती पातेली अजून आमच्या घरात आहेत. निर्माल्य तुळशीच्या बुडाशी. आज सेमिनारमध्ये ज्याला सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात त्याच्या स्लाइड मी पण दाखवल्यात, पण मनात मला दारात उकिडवी बसून साडीची जर उजेडात धरून बघणारी बोहारीणच दिसते. तेव्हा प्लॅस्टिक कमी होतं हे खरंच, सगळं श्रेय आजीच्या सवयीला देता येणार नाही.

मी सेन्सरकडे कसा वळलो ते सांगतो. सातेक वर्षांपूर्वी एका मोठ्या कॅम्पसमध्ये आम्हाला स्मार्ट डस्टबिनचं काम मिळालं होतं. झाकणाच्या आतून एक छोटंसं यंत्र माणसाला ऐकू न येणारा ४० किलोहर्ट्झचा आवाज खाली सोडतं, तो कचऱ्यावर आपटून परत येतो, हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, मग जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर आणि अंतरावरून डबा किती भरला ते कळतं. ८० टक्के झाला की मेसेज. कल्पना सुंदर आहे, उगाच रिकाम्या डब्यासाठी गाडी फिरवायची नाही, डिझेल वाचतं. युरोपातल्या शहरांत हे चालतंही. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात एका डब्याने फुलचा मेसेज दिला, जाऊन बघितलं तर थर्मोकोलचा खोका तोंडाशी आडवा अडकलेला आणि खाली डबा रिकामा. ते ठीक, सुधारता येतं. खरं शिकवलं ते दुसऱ्या डब्याने. जोडून तीन दिवस सुट्टी होती, एप्रिल महिना, स्क्रीनवर तो डबा २० टक्के, हिरवागार. उघडला तर तळाशी कँटीनचा भात-भाजी, पूर्ण कुजलेली, अळ्या, वास असा की सफाईवाल्या काकांना ओकारी आली.

सेन्सर बरोबरच होता, डबा २० टक्केच होता. आम्ही प्रश्नच दुसऱ्या गावचा विचारत होतो. वर्ल्ड बँकेचा २०१८ चा अहवाल आहे, त्यात श्रीमंत देशांच्या कचऱ्यात ओला भाग ३२ टक्के आहे, आणि मध्यम व गरीब देशांत निम्म्याहून जास्त. त्यात आपला उन्हाळा. ज्या कचऱ्यात कागद आणि खोकीच जास्त तो चार दिवस वाट बघू शकतो, मेथीची देठं आणि कालची आमटी बघू शकत नाही. डबा भरो न भरो, आपल्याकडे गाडी रोज यायलाच पाहिजे. म्हणजे किती भरलं हा आपला प्रश्नच नाही. आपला प्रश्न आहे किती ओलं, आणि त्या ओल्यात काय काय मिसळलंय.

ओलं म्हणजे बहुतांशी पाणी, बहुतेक भाज्यांत ८०-९० टक्के पाणीच असतं. ते पाणी आपण डिझेल जाळून पाथर्डीच्या खत प्रकल्पापर्यंत नेतो. जाळून वीज करावी म्हटलं तर ओलं जळत नाही. साठवावं म्हटलं तर ढिगाच्या आत हवा मिळत नाही, मिथेन तयार होतो, आग लागते, नाहीतर पावसात ढीग घसरतो. २०१७ च्या मार्चमध्ये इथिओपियात आदिस अबाबाला कचऱ्याचा डोंगर वस्तीवर आला, शंभरावर माणसं गेली. एप्रिलमध्ये कोलंबोजवळ मीतोटमुल्लाला तेच, ३२ माणसं, आणि तो दिवस त्यांच्या नववर्षाचा होता. मरणारे बहुतेक ढिगाच्या पायथ्याशी राहणारे. त्याच अहवालात आहे की गरीब देशांत ९० टक्क्यांहून जास्त कचरा उघड्यावर टाकला नाहीतर जाळला जातो, आणि जगाचा वर्षाचा कचरा २०१६ साली २०१ कोटी टन होता तो २०५० पर्यंत ३४० कोटी टन होईल. इतके मोठे आकडे मला डोक्यात धरता येत नाहीत, पण कोलंबोतलं नववर्षाचं ताट डोळ्यापुढून जात नाही.

मग मी शोधायला लागलो की असं यंत्र कुठे आहे का, ज्याचा डोळा कचरा करणाऱ्याकडे वळलेला आहे. सापडलं. दक्षिण कोरियाने २००५ मध्ये उरलंसुरलं अन्न थेट डंपिंगवर टाकायला बंदी घातली आणि २०१३ पासून जितका अन्नाचा कचरा तितके पैसे असं देशभर केलं. सोलमधल्या कित्येक सोसायट्यांत खाली एक मशीन असतं, आपलं कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, आत टाकलं की वजन होतं, महिन्याच्या शेवटी बिल. लोक घरून अन्नातलं पाणी निथळून आणतात, कारण पाण्याचेही पैसे पडतात! माझ्या सगळ्या प्रोजेक्टांनी जे केलं नाही ते एका वजनकाट्याने केलं, बाईला घरातच कळलं की आज किती वाया गेलं. बाईला म्हणालो, चुकलं, घरातल्या सगळ्यांनाच.

आणि तैवानचं तैपेई. तिथे कचऱ्याची गाडी बीथोव्हेनची पियानोवरची धून वाजवत येते आणि लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर उभे असतात, स्वतःच्या हाताने गाडीत टाकतात. २००० सालापासून तिथे सरकारी पिशवी विकत घ्यावी लागते, पिशवीच्या किमतीतच कचऱ्याचा कर. हे वाचलं तेव्हा मला आजीची आठवण आली, गाणं वाजवत येणारी गाडी आणि दारात तयार माणसं. गाडी कुठवर आली ते दाखवणारं ॲप तिथे नंतर आलं, तोवर लोकांना उभं राहायची सवय लागून गेली होती.

तुम्ही म्हणाल ते श्रीमंत लोक. बरं, लागोस घ्या, नायजेरिया. तिथे वीसायकलर्स नावाची कंपनी २०१२ पासून आहे, मालवाहू सायकलवर पोरं वस्तीत फिरतात, सुका कचरा वजन करून घेतात आणि घरच्या साध्या फोनवर एसएमएसने पॉइंट जमा, पॉइंटांवर घरात लागणाऱ्या वस्तू. ना मोठी स्क्रीन ना कंट्रोल रूम. आपलं इंदूर घ्या. तिथे २०२२ च्या फेब्रुवारीत दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवून गॅस करणारा प्लांट सुरू झाला, त्या गॅसवर बस चालतात. सगळे प्लांट बघायला जातात, मी पण गेलो असतो, पण तो प्लांट उभा आहे तो गाडीलाच वेगवेगळे कप्पे आहेत आणि घरातून वेगळं होऊन येतं म्हणून. गॅस करणारे जिवाणू फार नाजूक असतात, त्यांना फिनेल, औषधं, सेल असलं काही चालत नाही. आपल्याकडेही विल्होळीजवळ २०१७ पासून जीआयझेड या जर्मन सरकारी विकास संस्थेच्या मदतीने उभा राहिलेला प्रकल्प आहे, हॉटेलांचं उरलेलं अन्न आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून वीज करायची. अशी जोडी लावणं ही मला कुठल्याही सेन्सरपेक्षा जास्त हुशारीची गोष्ट वाटते, दोन्हींचा प्रश्न एकमेकांत सुटतो.

मशीन वेगळं करेल ना मग सगळं, एआय आहे आता, असं आमच्या ऑफिसातली पोरं म्हणतात. मी ती मशीनं बघितलीत. पट्ट्यावरून कचरा जातो, वरून इन्फ्रारेड प्रकाश पडतो, कोणतं प्लॅस्टिक किती प्रकाश परत फेकतं त्यावरून ओळख पटते, आणि हवेच्या झोताने पाण्याच्या बाटल्या एकीकडे, बाकीचं दुसरीकडे. भारी आहे. पण काळं प्लॅस्टिक त्याला दिसत नाही, कारण त्यातला काळा रंग प्रकाश शोषून घेतो, आणि ज्या पिशवीला रस्सा चिकटलाय तिच्यावरचा रस्साच त्याला दिसतो, पिशवी नाही. भंगारवाले लोक डोळे न उघडता, प्लॅस्टिक चुरगाळून आवाजावरून ओळखतात, हे बघितलंय मी. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, तिथल्या वेचक बायकांनी पुढे 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढली आणि घरोघरचा कचरा गोळा करायचं काम घेतलं. त्या बायकांच्या हातातलं ज्ञान कुठल्या डेटाबेसमध्ये आहे? आम्ही सिस्टीम डिझाइन करतो तेव्हा अशा एकीलाही मीटिंगला बोलवत नाही, मी पण कधी बोलवलं नव्हतं.

तरी सेन्सरला जागा आहे, ती सांगायलाच हवी. गंगेवर बुधवारचा बाजार भरतो, दुपारपर्यंत काही नाही आणि संध्याकाळी कोबीच्या पानांचे ढीग. नारळी पौर्णिमा, गणेश विसर्जन, श्रावणी सोमवार. आणि २०२७ चा कुंभ. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर कुठला डबा कधी भरेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, एका तासात निर्माल्य, द्रोण, बाटल्या. तिथे भरल्याचा मेसेज देणारा डबा पाहिजेच, कारण तिथे मिनिटं मोजण्याला अर्थ आहे, उशीर झाला की सगळं पाण्यात जातं. जिथे गर्दी अंदाजाबाहेरची आहे तिथे सेन्सर द्या, आणि जिथे रोजची बादली आहे तिथे तराजू.

मावशींना लागलं त्या आठवड्यात मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माफी मागितली. १६ फ्लॅट आहेत आमचे. म्हटलं आपण काहीतरी मोजूया. भांडीबाजारातून हुकाचा डिजिटल काटा आणला, गेटच्या आत लोखंडी कांबीला टांगला, शेजारी छोटा फळा. रोज सकाळी गाडी यायच्या आधी सगळ्यांचा ओला कचरा एका मोठ्या डब्यात, वजन, आणि आकडा फळ्यावर. एवढंच. त्याला वायफाय नाही, ॲप नाही. मला सर्किट लावायचा फार मोह झाला, पण दुसऱ्या मजल्यावरच्या पाचवीतल्या मुलीने खडू हातात घेतला आणि मग मी ते सोडलं. पहिल्या दिवशी १४ किलो होतं. दिवाळीत फराळ आणि पाहुण्यांमुळे १९ वर गेलं. मग तळमजल्यावरच्या काकूंनी गच्चीवर कंपोस्टचे दोन ड्रम ठेवले, आईने साली तिकडे न्यायला सुरुवात केली, आंब्याच्या दिवसांत पुन्हा आकडा चढला, ड्रम ओले पचपचीत झाले, वास यायला लागला, भांडणंही झाली, शेवटी सुकी पानं आणि नारळाचा भुसा घातल्यावर बसले. आता ९ ते १० च्या आत असतं. कोणाच्या घरचं किती ते वेगळं करायचं नाही असं ठरलंय, त्यावर अजून वाद आहे, मला स्वतःला वाटतं करायला हवं, आईला वाटतं शेजाऱ्याला उघडं पाडू नये. दोघंही थोडे थोडे बरोबर असू.

दुसरी गोष्ट लाल पिशवीची. २०१६ च्या केंद्राच्या घनकचरा नियमात ओला आणि सुका यांच्यासोबत घरगुती घातक कचरा असा तिसरा प्रकार सांगितला होता, सेल, बल्ब, औषधं, सुया. आम्ही त्यात फुटलेली काच आणि ब्लेडही धरली. गेटवर लाल कापडी पिशवी टांगलीये, तिच्यात घालायचं आणि वर मोठ्या अक्षरात लिहायचं. मावशींना विचारून केलं. त्यांनीच सांगितलं की कागदात गुंडाळून काही होत नाही, काच जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात घाला आणि वरून दोरी बांधा म्हणजे हाताला आधी दोरी लागते, मग आम्ही सावध होतो. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

गेल्या मंगळवारी मी थोडा लवकर खाली गेलो. गाडी आली, मावशी उतरल्या, आधी काट्याकडे बघितलं, "नऊ दोनशे," मुलीने फळ्यावर लिहिलं. मग मावशींनी लाल पिशवीतलं खोकं उचललं, दोरीवरून अंगठा फिरवला आणि ते ड्रायव्हरच्या सीटशेजारी वेगळं ठेवलं. तळहातावरची खूण अजून दिसते, पांढरी, आडवी. ड्रायव्हरदादांनी घड्याळ बघितलं. मावशी दांडा धरून चढल्या आणि गाडी पुढच्या गल्लीत गेली.